मोल म्हणता, पण कशाचे?

मागच्या अंकात मी पाण्याच्या थेंबाबद्दल एक ओळ लिहिली होती, की 20 थेंबांचं एक मिलिलिटर धरलं तर एका थेंबात साधारण पाच कोटी-कोटी-कोटी अणू असतात, आणि ती एक ओळ मला चांगलीच महागात पडली. एकाने विचारलं, छापताना कोटी चुकून तीनदा पडलं का? नाही भाऊ, तीनदाच आहे, कोटीला कोटीने गुणा आणि जे येईल त्याला अजून एकदा कोटीने गुणा. बाकीची पत्रं आणि मेसेज अकरावी-बारावीच्या पोरांचे, काही कास्तकारांचे, एक संत्र्याच्या बगीचावाल्याचा. विचारणारे वेगवेगळे, पण अडकले सगळे एकाच जागी, मोलमध्ये (डझन म्हणजे 12, तसं मोल म्हणजे 6.022 × 10²³ नग, अणू-रेणू मोजायचं माप), म्हणून या खेपेला बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले. मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि आता वावर पाहतो, तर उदाहरणं वावरातलीच येतील, चालवून घ्या.

प्रश्न: सर, 66 ग्रॅम अमोनियम सल्फेटमध्ये हायड्रोजनचे अणू किती, असं गणित होतं. माझं उत्तर 1.2 गुणिले 10 चा 24 वा घात आलं, पुस्तकामागे 2.4 दिलं आहे. तीनदा करून पाहिलं, मले समजून नाही राहिलं कुठं चुकते ते. (अकरावी विज्ञान, दर्यापूर तालुका)

उत्तर: बेटा, तू ब्रॅकेटच्या बाहेरचा 2 विसरली, बाकी तुझं सगळं बरोबर आहे. बरोब्बर निम्मं उत्तर आलं तिथंच शंका घ्यायला पाहिजे होती.

अमोनियम सल्फेटचं सूत्र असं, (एनएच₄)₂एसओ₄. आता हे मेथीच्या जुडीसारखं पहा. एनएच₄ ही एक जुडी, तिच्यात नायट्रोजनची एक काडी आणि हायड्रोजनच्या चार. ब्रॅकेट म्हणजे जुडीला बांधलेला दोरा. बाहेरचा 2 सांगते की अशा जुड्या दोन आहेत, म्हणजे नायट्रोजन 2 झाले आणि हायड्रोजन 8 झाले. तो 2 दोऱ्याच्या आतल्या सगळ्यांना लागतो, नुसत्या हायड्रोजनला नाही, आणि दोऱ्याबाहेरच्या एसओ₄ ला तो अजिबात लागत नाही. सल्फर 1, ऑक्सिजन 4. एकूण 15 अणू. तू चारवर थांबली.

आता वजनाचं. नायट्रोजन 14 चे दोन म्हणजे 28, हायड्रोजन 8, सल्फर 32, ऑक्सिजन 16 चे चार म्हणजे 64, बेरीज 132, म्हणजे एक मोल 132 ग्रॅमचा. तुझ्याजवळ 66 ग्रॅम आहे म्हणजे अर्धा मोल. अर्ध्या मोलात हायड्रोजन आठाच्या निम्मे, 4 मोल. त्याला 6.022 × 10²³ ने गुण, आले 2.4 × 10²⁴.

आणि अजून एक, सूत्राच्या समोर मोठा आकडा आला, म्हणजे समजा समीकरणात 3 (एनएच₄)₂एसओ₄ लिहिलं असलं, तर तो 3 मात्र सगळ्यांना लागतो, दोऱ्याच्या आतल्याले आणि बाहेरच्याले. तेव्हा हायड्रोजन 24. माझ्या वर्गात दर वर्षी अर्धी पोरं समोरचा आकडा फक्त पहिल्या अक्षराला लावायची, आणि मी दर वर्षी तेच सांगायचो, आता इथंही सांगून ठेवतो.

प्रश्न: अणू दिसत नाही, हातात येत नाही, मग 6.022 × 10²³ एवढे मोजले कोणं? ॲव्होगॅड्रोनं? का उगाच मोठा आकडा ठोकून दिला? (बारावी, वाशीम जिल्हा)

उत्तर: ठोकून दिला नाही, पण ॲव्होगॅड्रोनंही मोजला नाही. मजा अशी की ज्याचं नाव लागलं त्या आमेदेओ ॲव्होगॅड्रोला हा आकडा माहीतच नव्हता. इटलीतल्या तुरीनच्या या माणसानं 1811 साली एवढंच म्हटलं की तापमान आणि दाब सारखा असला तर सारख्या आकारमानाच्या कोणत्याही वायूत रेणूंची संख्या सारखीच असते. संख्या किती ते नाही सांगितलं. 1856 ला तो वारला. 1865 ला ऑस्ट्रियाच्या लोश्मिटनं हवेतल्या रेणूच्या आकाराचा पहिला बरा अंदाज काढला, त्यावरून संख्येकडे जायची वाट मिळाली.

आणि ज्याने खरंच बसून मोजणी केली तो फ्रान्सचा जाँ पेरँ. गॅम्बोज नावाचा एक पिवळा डिंक असतो, आपल्या कोकमाच्या कुळातल्या झाडाचा, त्याचे एकसारखे बारीक गोळे त्याने पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली खालच्या थरात किती, थोडं वर किती, अजून वर किती असे मोजत गेला. वर जावं तशी हवा विरळ होते ना, तसेच हे गोळे वर विरळ होतात, आणि ते किती लवकर विरळ होतात त्यावरून, एका गोळ्याचं वजन माहीत असलं की, अणूंचा हिशोब निघतो. 1909 साली त्यानेच या संख्येला ॲव्होगॅड्रोचं नाव दिलं, 1926 ला त्याला नोबेल मिळालं. 20 मे 2019 पासून तर हा आकडा जगभरात कायमचा ठरवूनच टाकला, 6.02214076 × 10²³, आता त्यात पुढेमागे होणं नाही. आपल्या भाषेत 602 कोटी-कोटी-कोटी.

वजनावरून मोजणी कशी होते ते मात्र तुझ्या घरीच होत असणार. जून लागायच्या आधी घरचं सोयाबीन उगवते का नाही पाहायला आपण 100 दाणे मोजून ओल्या बारदान्यावर ठेवतो की नाही? यंदा मी ते 100 दाणे आधी लहान काट्यावर टाकले, 12 ग्रॅम भरले. एकरी बियाणं लागते 30 किलो. म्हणजे त्या 30 किलोत दाणे झाले अडीच लाख. मोजले कोणी? कोणीच नाही, 100 मोजले आणि बाकीचं काट्याने सांगितलं. बारदान्यावर 70 उगवले म्हणजे वावरात पावणेदोन लाख झाडांची आशा धरायची, पावसानं साथ दिली तर. मोल म्हणजे हेच आहे, फक्त दाणा इतका बारीक की 100 मध्ये भागत नाही, 602 कोटी-कोटी-कोटी घ्यावे लागतात तेव्हा कुठं कार्बनचे 12 ग्रॅम भरतात.

हा आकडा केवढा ते पाहायचं असलं तर ज्वारीचे एक मोल दाणे घे. हजार दाणे 30 ग्रॅमचे धरले आणि ती सगळी ज्वारी पूर्ण महाराष्ट्रावर सारखी पसरली, तर थर होतो सत्तर-ऐंशी किलोमीटर उंच. मी हे उत्तर दोनदा तपासलं, माझाही विश्वास बसत नव्हता.

प्रश्न: मुलगी दिवसभर मोल मोल करत राहते. आमच्या हिशोबानं मोल म्हणजे भाव, आणि कापसाचं तर कवडीमोल. हे कोणतं मोल आहे बुवा? (एक पालक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: भाऊ, नावापुरतंच सारखं आहे. हा शब्द जर्मनीच्या विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी रूढ केला, त्याच्या मागच्या लॅटिन शब्दाचा अर्थ मोठा ढीग. इंग्रजीत रेणूला मोलेक्यूल म्हणतात तो त्याच शब्दाचा लहान भाऊ, म्हणजे इवलासा ढीग. पोरं मोल आणि मोलेक्यूल यात गोंधळतात त्याचं मूळ इथं आहे, दोन्ही नावं एकाच घरची. मोल म्हणजे मापाचं नाव, जसं संत्री हजारानं विकतात तसं. आणि कापसाच्या भावाचं काय सांगू, त्यासाठी वेगळा सदरलेखक लागेल.

प्रश्न: ट्यूशनमध्ये वाद झाला. 1 मोल ऑक्सिजनचं वजन 16 ग्रॅम की 32 ग्रॅम? मी 32 सांगते, एक विद्यार्थी 16 वर अडून बसला आहे. (ट्यूशन घेणाऱ्या एक ताई, पुसद)

उत्तर: ताई, तुम्ही दोघंही बरोबर आणि प्रश्न अर्धवट. "एक डझन द्या" म्हटलं तर दुकानदार विचारेल ना, कशाचे, अंडी की केळी? ऑक्सिजनचे अणू एक मोल घेतले तर 16 ग्रॅम, ऑक्सिजनचे रेणू घेतले तर 32, कारण ऑक्सिजन वायूत दोन-दोन अणू जोडीनं राहतात. ओझोनचे रेणू घेतले तर 48, तिथं तिघं असतात. परीक्षेत ऑक्सिजन वायू म्हटलं असलं तर तुमचं 32 धरा. पण त्या पोराला रागावू नका, तो अडून बसला हे चांगलंच आहे, फक्त त्याला रोज एक शब्द विचारायची सवय लावा, "कशाचे?" मोलच्या गणितात जेवढ्या चुका मी तपासल्या त्यातल्या बहुतेक गुणाकाराच्या नव्हत्या, हा शब्द न विचारल्याच्या होत्या.

प्रश्न: युरियाच्या बॅगवर 46 टक्के नायट्रोजन लिहिलेलं असते, हे 46 कुठून काढते? आणि डीएपीवर 18:46 असते, त्यातलं 46 पण नायट्रोजनच आहे का? कृषी केंद्रवाला म्हणते 46 चांगलं, घेऊन टाका. (कास्तकार, मूर्तिजापूर तालुका)

उत्तर: भाऊ, या प्रश्नासाठी तुम्हाला चहा पाजायला पाहिजे, सगळ्या पत्रात हा मला जास्त आवडला.

आधी युरिया. त्याचं सूत्र सीओ(एनएच₂)₂. वर त्या पोरीला सांगितली तीच जुडी, दोन जुड्या, प्रत्येकीत एक नायट्रोजन आणि दोन हायड्रोजन. म्हणजे एका रेणूत कार्बन 1, ऑक्सिजन 1, नायट्रोजन 2, हायड्रोजन 4, एकूण 8 अणू. (पोरांसाठी जाताजाता, इंग्रजीत लिहिताना सी मोठा आणि ओ पण मोठा काढा, ओ लहान काढला तर कोबाल्ट होते आणि मार्क जाते.) वजन 12 अधिक 16 अधिक 28 अधिक 4, बरोबर 60. साठात नायट्रोजन अठ्ठावीस, म्हणजे शंभरात 46.7. तुमचं 46 इथून आलं, 46.7 पेक्षा जे थोडं कमी आहे ते ओल, निंबोळी तेलाचा थर आणि युरिया तयार होताना सोबत बनून राहिलेला बाययुरेट नावाचा थोडा दुसरा पदार्थ यांच्यात जाते.

बॅग आता 45 किलोची, 2018 पर्यंत 50 ची होती. 45,000 ग्रॅमला 60 नं भागा, 750 मोल युरिया. तुमच्या एका बॅगेत नायट्रोजनचे अणू 1500 मोल, आणि सगळे अणू मोजायचे तर 750 ला आठाने गुणून 6000 मोल. त्याला 602 कोटी-कोटी-कोटीने गुणायचं काम मी नातवाला दिलं, त्याच्या मोबाइलनं 3.6 × 10²⁷ दाखवलं आणि तो खेळायला पळाला.

आता डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, इथं खरी गंमत आहे. 18 म्हणजे नायट्रोजन, पण 46 म्हणजे नायट्रोजन तर नाहीच, आणि निव्वळ स्फुरद, म्हणजे फॉस्फरसही नाही. ते पी₂ओ₅ च्या, म्हणजे फॉस्फरसच्या ऑक्साइडच्या हिशोबात लिहिलेलं स्फुरद आहे. डीएपीमध्ये पी₂ओ₅ नावाचं काही नसतेच, ही जुन्या रसायनवाल्यांची लिहायची पद्धत, ते सगळं ऑक्साइडमध्ये मोजायचे, तीच चालत आली. पी₂ओ₅ चं वजन 142, त्यात फॉस्फरस 62, म्हणजे 44 टक्क्यांच्या आसपास. तर 50 किलोच्या डीएपीच्या बॅगेत पी₂ओ₅ च्या हिशोबानं 23 किलो, पण खरा फॉस्फरस साधारण 10 किलो. नायट्रोजन 9 किलो.

वजनानं पाहिलं तर नऊ आणि दहा, जवळपास सारखे, फॉस्फरस थोडा जास्तच. आता वजन सोडा आणि मोजा. नायट्रोजन 9000 ग्रॅम भागिले 14, झाले 643 मोल. फॉस्फरस 10,040 ग्रॅम भागिले 31, झाले 324 मोल. म्हणजे नायट्रोजनचे अणू फॉस्फरसच्या दुप्पट! कारण फॉस्फरसचा अणू नायट्रोजनपेक्षा दुपटीहून जड आहे, काट्यावर तो कमी असून जास्त दिसतो. आता डीएपीचं सूत्र पाहा, (एनएच₄)₂एचपीओ₄. दोन नायट्रोजन, एक फॉस्फरस. बॅगेवरचे 18 आणि 46 पाहून कोणाला वाटणार नाही की त्याच्या मागं दोनास एक असा सरळ हिशोब लपला आहे, पण मोलमध्ये आणल्याबरोबर तो बाहेर येते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा शाळेत शिकवायला लागून दहा वर्षं झाली होती, आणि तोपर्यंत ती बॅग मी दर खरिपात खांद्यावर वाहून आणत होतो.

तेव्हा कृषी केंद्रवाल्याला म्हणा, दोन्ही 46 एक नाही. एक नायट्रोजनचं आहे, दुसरं पी₂ओ₅ चं.

प्रश्न: मिठाच्या एका रेणूत अणू किती? (नववी, चिखलदरा तालुका)

उत्तर: मिठाला रेणूच नसतो. खड्यामध्ये सोडियम आणि क्लोरीन एकाआड एक, बुद्धिबळाच्या पटासारखे सगळ्या बाजूंनी लागून असतात, त्यातलं एक जोडपं वेगळं काढून हा रेणू असं म्हणता येत नाही. एनएसीएल म्हणजे एकास एक हे प्रमाण, बस. त्या प्रमाणाचा एक मोल 58.5 ग्रॅम. आणि खरं पाहिलं तर वरचे अमोनियम सल्फेट आणि डीएपी पण याच जातीचे आहेत, युरिया मात्र अस्सल रेणूवाला. गणित दोन्हीकडे तेच राहते म्हणून वर मी फरक केला नाही, तू विचारलं म्हणून सांगितलं.

प्रश्न: बोर्डोसाठी (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) आणलेलं मोरचूद टिनाच्या शेडमध्ये ठेवलं होतं, उन्हाळ्यात वरून पांढुरकं झालं. खराब झालं का? आणि मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर असं सांगतात, तर दोन्ही सारखे का? (संत्रा उत्पादक, वरूड तालुका)

उत्तर: खराब नाही झालं, तहानलं आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्याच्या सूत्रात सीयूएसओ₄ नंतर एक टिंब देऊन 5एच₂ओ लिहितात. ते टिंब म्हणजे गुणाकार नाही, सोबत पाण्याचे पाच रेणू बसले आहेत एवढंच. ते निळं दिसते ते या पाण्यामुळं. अणू मोजायचे तर तांबं 1, सल्फर 1, ऑक्सिजन आधीचे 4 आणि पाण्याचे 5 मिळून 9, हायड्रोजन 10, एकूण 21. पोरं इथं पाण्याचा ऑक्सिजन धरायचा विसरतात. वजन 249.5, त्यात पाणीच 90, म्हणजे तुम्ही 1 किलो मोरचूद आणता त्यात 360 ग्रॅम पाणी विकत आणता. तापलेल्या कोरड्या शेडमध्ये वरवरचं थोडं पाणी उडालं, म्हणून पांढुरकं दिसते. तांबं कुठं गेलं नाही, उलट तेवढ्याच वजनात थोडं जास्त भरेल. अगदी पाचही पाणी गेलेलं पांढरं भुकट असलं तर 1 किलोत तांबं 254 ग्रॅमच्या ऐवजी 398 ग्रॅम येईल, पण तुमचं तेवढं झालेलं नाही, वरचा थर फक्त.

आता चुना. वजन सारखं म्हणून मोजणी सारखी समजू नका, डीएपीसारखंच इथं होते. 1 किलो मोरचूद म्हणजे 4 मोल. कळीचा चुना सीएओ, वजन 56, त्याचे 1 किलोत जवळपास 18 मोल. साडेचारपट चुना! तांब्याला पकडून ठेवायला एवढा लागत नाही, मोलला मोल हिशोबानं चारच मोल पुरला असता, पण बाजारातला चुना कधी जुना, हवेनं मेलेला, कधी खड्यांनी भरलेला, म्हणून जास्तीचा टाकतात, कारण चुना कमी पडला तर सुटं राहिलेलं तांबं संत्र्याच्या कवळ्या पानाला जाळते.

तेव्हा या खेपेला पांढुरकं मोरचूद वापरताना एवढं करा. मोरचूद वेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा, लोखंडी घेऊ नका. चुना दुसऱ्या बादलीत विझवून गाळून घ्या, मग दोन्ही एकत्र ओतत ढवळा. नंतर घासून लखलखीत केलेला विळा त्यात मिनिटभर बुडवा. पात्याला तांबूस लेप आला म्हणजे तांबं अजून सुटं आहे, थोडी चुन्याची निवळी ओता आणि विळा पुन्हा घासून बुडवा. पातं कोरं राहिलं की पंप भरा, आणि तयार केलेलं त्याच दिवशी संपवा.